सर्व्हर बंद पडला तर बटण दाबण्याआधी: हार्डवेअरचा दोष शोधण्याचा क्रम

फोन येतो तो बहुतेक वेळा असा: "सर्व्हर लटकला होता, दोनदा रीस्टार्ट केला, रॅम काढून पुसून लावली, आता चालू आहे. पण काय झालं होतं ते बघून सांगा." बघायला काही उरलेलं नसतं. स्क्रीनवरचा संदेश रीस्टार्टमध्ये गेला, दिव्यांचे रंग कुणी टिपले नाहीत आणि रॅम कुठली कुठे होती हे आठवत नाही. चार दिवसांनी तोच सर्व्हर पुन्हा लटकतो.

या कामात चुकतो तो क्रम. पार्ट बदलणं सोपं आहे, पण कुठला बदलायचा हे ठरवायला पुरावा लागतो आणि तो आपल्याच घाईने पुसला जातो. पुढचा क्रम दोन पॉवर सप्लाय, रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी मेली तरी डेटा टिकवणारं कार्ड) आणि इसीसी रॅम (स्वतःच्या चुका ओळखणारी रॅम) असलेल्या नेहमीच्या रॅक किंवा टॉवर सर्व्हरसाठी आहे. डेल, एचपीई, लेनोवो, सुपरमायक्रो यांच्यात मेनूची नावं वेगळी असतात, पण क्रम तोच राहतो.

## टप्पा १: सर्व्हर ठीक असतानाच करायची तयारी

बीएमसी म्हणजे मदरबोर्डवरचा स्वतंत्र छोटा संगणक. डेल त्याला आयड्रॅक म्हणतं, एचपीई आयएलओ. पॉवर कॉर्ड लावलेली असेल तर सर्व्हर बंद असतानाही तो जागा असतो आणि तापमान, पंखे, व्होल्टेज, रॅमच्या चुका यांची नोंद ठेवतो. कितीतरी ठिकाणी त्याच्या पोर्टला केबलच लावलेली नसते. आजच लावा, त्याला कायमचा आयपी पत्ता द्या, पासवर्ड बदला आणि तो इंटरनेटवर उघडा राहणार नाही याची खात्री करा. नव्या मशीनवर कारखान्याचा पासवर्ड पुढच्या बाजूला ओढून बाहेर येणाऱ्या चिठ्ठीवर छापलेला असतो.

मग एका वहीत, कागदावरच, या गोष्टी लिहून ठेवा: सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर, वॉरंटी किंवा एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) तारीख, रेडची पातळी, कुठल्या खाचेत कुठल्या सिरियलची डिस्क आहे, कुठल्या स्लॉटमध्ये किती जीबीची रॅम आहे. सर्व्हर पडल्यावर सर्व्हरवरचीच एक्सेल फाइल उघडत नाही.

सोबत ठेवायचं सामान थोडंच आहे: अँटिस्टॅटिक मनगटपट्टा, टॉर्च, टी-१५ आणि टी-३० टॉर्क्स स्क्रू ड्रायव्हर, एक मॉनिटर आणि यूएसबी कीबोर्ड, सीआर २०३२ सेल, स्टिकर आणि मार्कर. प्रोसेसरला हात लावायची वेळ आलीच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थर्मल पेस्ट.

तपासा: शेवटचा बॅकअप कधी झाला एवढ्यावर थांबू नका. त्यातली एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. हे झाल्याशिवाय डिस्कच्या टप्प्याला हात लावायचा नाही.

## टप्पा २: "बंद पडला" म्हणजे नक्की काय?

हे चार वेगळे आजार आहेत आणि चौघांची वाट वेगळी आहे.

१. वीजच येत नाही: दिवे नाहीत, पंखे नाहीत. टप्पा ४.
२. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, किंवा सुरुवातीची तपासणी अर्ध्यावर अडते. आधी टप्पा ४, मग ५.
३. तपासणी पूर्ण होते, पण ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होत नाही. बहुधा डिस्क किंवा रेड, टप्पा ७.
४. चालू असतो, पण मधूनच लटकतो, आपोआप रीस्टार्ट होतो किंवा हळू होतो. तापमान, रॅम किंवा डिस्क (टप्पे ४, ६, ७), आणि याच प्रकारात नोंदी सर्वात जास्त कामाला येतात.

जो माणूस तिथे हजर होता त्याला विचारा: त्या वेळी लाईट गेली होती का, एसी बंद होता का, आदल्या दिवशी कुणी काही बसवलं किंवा सरकवलं का. "काहीच केलं नाही" या उत्तरावर थांबू नका. रॅकमागे नवी केबल टाकायला आलेला माणूस लोकांच्या हिशेबात "काहीच" असतो.

## टप्पा ३: रीस्टार्टच्या आधी पुरावा गोळा करा

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो. फार तर १५ मिनिटं लागतात.

१. स्क्रीनचा फोटो काढा. कर्नल पॅनिकचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, गंभीर चुकीने थांबल्याचा) मजकूर बऱ्याचदा डिस्कवर लिहिला जातच नाही, तो फक्त त्या स्क्रीनवर असतो.
२. पुढचे, मागचे, पॉवर सप्लायवरचे आणि प्रत्येक डिस्कवरचे दिवे यांचा १० सेकंदांचा व्हिडिओ घ्या. पिवळा दिवा स्थिर आहे की लुकलुकतो, यात अर्थ असतो आणि फोटोत तो कळत नाही.
३. बीएमसीत शिरून सिस्टिम इव्हेंट लॉग फाइलमध्ये उतरवून घ्या. डेलवर लाइफसायकल लॉगही घ्या, एचपीईवर इंटिग्रेटेड मॅनेजमेंट लॉग.
४. सर्व्हर अजून प्रतिसाद देत असेल तर लिनक्सवर डीमेसेज या आज्ञेने दिसणारा कर्नलचा मजकूर जपून ठेवा. रीस्टार्ट झालाच असेल तर जर्नलसीटीएल या आज्ञेने मागच्या बूटच्या कर्नल नोंदी काढा. जर्नल डिस्कवर साठवायची सोय आधी चालू असेल तरच त्या मिळतात. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी शोधा.

विंडोजवर कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद दिसली की बरेच जण "पॉवर सप्लाय गेला" असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण वेगळं शोधावं लागतं.

तपासा: बीएमसीचं घड्याळ. ते बरेचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असतं, म्हणजे आपल्यापेक्षा ५ तास ३० मिनिटं मागे. लॉगमध्ये रात्री ८:४० दिसत असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे २:१० वाजले होते. हे न पाहिल्यामुळे "त्या वेळी तर सगळं चालू होतं" म्हणत लोक खरी नोंद बाजूला टाकतात. तारीख एकदम काही वर्षं मागची दिसली तर आधी मदरबोर्डवरच्या ३ व्होल्टच्या सेलचा संशय घ्या.

सावधान: लॉग उतरवून घेण्याआधी तो पुसू नका आणि "आधी फर्मवेअर (हार्डवेअरमधलं अंगभूत सॉफ्टवेअर) अपडेट करून बघू" म्हणू नका. अपडेटने दोष दबला तर काय बिघडलं होतं हे कधीच कळत नाही. तो अर्ध्यात अडकला तर एकाचे दोन दोष होतात.

## टप्पा ४: वीज, अर्थिंग आणि हवा

इथे पैसे लागत नाहीत, म्हणून पार्टच्या आधी हे.

दोन पॉवर सप्लायच्या दोन कॉर्ड एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेल्या असतात, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता आधी तेच बघतो. बोर्डाचा फ्यूज उडाला की दोन्ही सप्लाय एकदम मेले. एक कॉर्ड यूपीएसवर आणि दुसरी वेगळ्या यूपीएसवर किंवा निदान वेगळ्या सर्किटवर हवी.

एका सप्लायचा दिवा पिवळा असेल तर या क्रमाने जा: आधी दोन्ही कॉर्डची अदलाबदल करा. दोष कॉर्डबरोबर गेला तर कॉर्ड किंवा सॉकेट खराब आहे. तिथेच राहिला तर दोन्ही सप्लायची अदलाबदल करा. सप्लायबरोबर गेला तर सप्लाय बदला. खाचेतच राहिला तर सप्लाय बसतो तो आतला बोर्ड संशयित. बदली सप्लाय त्याच मॉडेलचा आणि त्याच वॅटचा घ्या, वेगळ्या वॅटची जोडी सर्व्हर नाकारतो.

जिवंत प्लगवरचं मोजमाप इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज साधारण ३ व्होल्टच्या आत हवं. जुन्या इमारतींत ते बरंच जास्त निघतं, आणि मग कधी नेटवर्क कार्ड, कधी डिस्क असे एकमेकांशी संबंध नसलेले दोष येत राहतात.

सर्व्हर अजिबात जागा होत नसेल तर उरलेला चार्ज काढा: दोन्ही कॉर्ड उपटा, पॉवरचं बटण २० सेकंद दाबून धरा, मिनिटभर थांबा, मग कॉर्ड लावा. बीएमसी उठायला दोनेक मिनिटं लागतात. त्याआधी बटण दाबून "चालत नाही" म्हणू नका.

आता हवा. सर्व्हरच्या पुढून आत जाणाऱ्या हवेचं तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअस असावं अशी अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस आहे. खोलीच्या भिंतीवरचा थर्मामीटर पाहू नका, बीएमसीतला इनलेट सेन्सर पाहा, आणि त्याचा रविवारचा आलेख पाहा. शनिवारी संध्याकाळी कार्यालय बंद करताना एसीही बंद करणारी माणसं प्रामाणिकपणे वीज वाचवत असतात, आणि एप्रिल-मे महिन्यात सोमवारी सकाळी सर्व्हर पडलेला सापडतो.

सावधान: गरम होतो म्हणून झाकण काढून सर्व्हर चालवू नका. हवा पुढून मागे ठरलेल्या वाटेने ओढली जाते. झाकण, प्रोसेसरवरचं प्लास्टिकचं आवरण आणि रिकाम्या खाचांमधले डमी काढले की प्रोसेसर आणखी तापतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा भिरभिरू दिला तर त्याचं बेअरिंग खराब होतं.

## टप्पा ५: स्क्रीन काळीच आहे, तर कमीत कमी सामानावर उठवा

दोन्ही कॉर्ड काढा. मनगटपट्टा लावा आणि त्याची पकड सर्व्हरच्या रंग नसलेल्या लोखंडी भागावर बसवा. कोरड्या हवेत स्थिर वीज जास्त साठते, हे विदर्भातल्या हिवाळ्यात काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

१. सगळ्याचे फोटो काढा. प्रत्येक रॅमवर तिच्या स्लॉटचं नाव लिहिलेला स्टिकर लावा. हे पहिलं काम आहे.
२. डिस्कच्या खाचांवर क्रमांक लावा आणि सर्व डिस्क दोनेक इंच बाहेर ओढून ठेवा, पूर्ण काढू नका.
३. जादा कार्डं, यूएसबीला लावलेलं सगळं आणि एक पॉवर सप्लाय काढा.
४. पहिल्या प्रोसेसरच्या पहिल्या स्लॉटमध्ये एकच रॅम ठेवा. तो स्लॉट कुठला हे झाकणाच्या आतल्या बाजूच्या नकाशावर असतं, अंदाजाने ठरवू नका.
५. चालू करा आणि थांबा. रॅम बदलल्यावर पहिली तपासणी काही मिनिटं घेऊ शकते. काळी स्क्रीन पाहून दोन मिनिटांत बटण दाबणारे लोक चांगली रॅमही "खराब" ठरवतात.

उठला, तर एकेक वस्तू परत घाला आणि दर वेळी पूर्ण चालू करून बघा. वेळ जातो, पण दोन वस्तू एकदम घातल्या की दोषी कोण हे पुन्हा गुलदस्त्यात जातं.

उठला नाही, तर तीच खटपट दुसऱ्या रॅमने करा. तरीही नाही, तर प्रोसेसर किंवा बोर्ड. दुसरा प्रोसेसर काढला की त्याच्या वाट्याचे रॅमचे आणि कार्डांचे स्लॉटही मरतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर चांगल्या स्लॉटला दोष लागतो. आजच्या सॉकेटमधल्या पिना बोर्डावर असतात आणि केसासारख्या बारीक असतात. टॉर्च तिरपी धरून पाहा, एखादी वाकलेली पीन वेगळी चमकते. वॉरंटी चालू असेल तर इथे थांबून कंपनीचा माणूस बोलवा.

## टप्पा ६: रॅम

इसीसी रॅम एका बिटची चूक स्वतः सुधारते आणि दोन बिटांची चूक ओळखते, पण सुधारू शकत नाही. म्हणून लॉगमध्ये दोन प्रकार दिसतात. सुधारलेल्या चुका म्हणजे सूचना. एखादी दिसली तर लक्ष ठेवा. एकाच स्लॉटवर रोज वाढत असतील तर रॅम बदलायची तयारी करा. न सुधारता आलेली चूक म्हणजे मशीन थांबणार, आणि तिथे वाट पाहायची नसते. लिनक्सवर या मोजण्या रासडीमन हा प्रोग्रॅम ठेवतो, तो आधीच चालू करून ठेवा.

स्लॉट कळला की बहुतेक जण ती रॅम काढतात, पुसतात, तिथेच लावतात. चुका थांबल्या तर संपर्क सैल होता की रॅम मरायला टेकली आहे, हे कळत नाही. त्याऐवजी:

१. संशयित रॅमची दुसऱ्या स्लॉटमधल्या तंतोतंत त्याच प्रकारच्या रॅमशी अदलाबदल करा. बाकी कशाला हात लावू नका.
२. उतरवून ठेवलेला लॉग आता पुसा, म्हणजे नवी नोंद वेगळी ओळखू येईल.
३. नेहमीच्या भाराखाली चालवा आणि बघा.
४. चूक रॅमबरोबर नव्या स्लॉटवर गेली: रॅम खराब. जुन्याच स्लॉटवर राहिली: स्लॉट, सॉकेटच्या पिना किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर. कुठेच आली नाही: संपर्काचा दोष असावा, महिनाभर नजर ठेवा.

मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवून "शून्य चुका" आल्या म्हणून रॅमला निर्दोष ठरवू नका. इसीसी चालू असताना एका बिटची चूक टेस्टला दिसायच्या आधीच दुरुस्त होते. टेस्ट चालली त्या वेळेत बीएमसीच्या लॉगमध्ये काय आलं तेही पाहावं लागतं.

रीस्टार्ट न करण्याच्या नियमाला इथे एक अपवाद आहे. डीडीआर४ आणि त्यापुढच्या पिढीची रॅम असलेल्या अनेक सर्व्हरमध्ये रॅममधली खराब ओळ राखीव ओळीवर वळवण्याची सोय असते आणि ते काम सुरू होण्याच्या वेळीच होतं. लॉग तसं सुचवत असेल, आणि तो उतरवून झाला असेल, तर ठरलेल्या वेळी एक रीस्टार्ट हाच उपचार आहे.

## टप्पा ७: डिस्क आणि रेड

बाकी कुठल्याही टप्प्यात चुकलात तर पार्ट जातो. इथे चुकलात तर डेटा जातो, म्हणून इथे हळू चाला.

पहिल्यांदा किती डिस्क जाऊ शकतात ते आठवा. रेड ५ मध्ये एक, रेड ६ मध्ये दोन, रेड १० मध्ये प्रत्येक जोडीतली एक. रेड ५ मधली एक गेलेली असताना चुकून चांगली डिस्क ओढली की संपलं.

१. रेड कार्डाच्या साधनाने, म्हणजे स्टॉरसीएलआय, पर्कसीएलआय किंवा एसएसएसीएलआय यांपैकी जे लागू असेल त्याने, सगळ्या डिस्कची स्थिती फाइलमध्ये उतरवा.
२. मेलेल्या डिस्कची खाच आणि सिरियल नंबर लिहा. खाचांची मोजणी बहुतेक ठिकाणी शून्यापासून होते. लॉगमधली "खाच ३" म्हणजे डावीकडून चौथी असू शकते.
३. उरलेल्या डिस्कच्या मीडिया एरर आणि संभाव्य बिघाडाच्या सूचना बघा. नवी डिस्क घातली की रेड ५ उरलेल्या सगळ्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचतं, आणि आजारी असलेली दुसरी डिस्क नेमकी तेव्हा दगा देते. तशी दिसली तर आधी ताजा बॅकअप, मग बदल.
४. साधनातून त्या डिस्कचा दिवा लुकलुकता करा. दोन माणसांनी मिळून खात्री करा.
५. डिस्क थोडी ओढा, फिरणं थांबायला मिनिटभर द्या, मग पूर्ण काढा. सिरियल नंबर वहीतल्याशी जुळवा. जुळला तरच नवी घाला.
६. रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत भरण्याचं काम) सुरू झालं का ते स्क्रीनवर बघा. नवी घातली म्हणजे सुरू झालंच असं नाही. संपेपर्यंत सर्व्हर रीस्टार्ट करू नका.

सावधान: कार्ड "फॉरेन कॉन्फिगरेशन" (डिस्कवर रेडची अनोळखी मांडणी सापडली) म्हणालं की "क्लिअर" दाबायचं नाही, आणि "इनिशिअलाइझ" तर कधीच नाही. दोन डिस्क वेगवेगळ्या दिवशी बाहेर पडल्या असतील तर आधी पडलेलीत शिळा डेटा आहे, ती जबरदस्तीने परत जोडली तर फाइलींची खिचडी होते. मात्र एकाच क्षणी दोन-तीन डिस्क गायब झाल्या तर डिस्कना सोडा, केबल, बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचल्या जातात तो बोर्ड) किंवा वीज तपासा.

रेड कार्डामागच्या डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, स्मार्टसीटीएल या साधनाला थेट दिसत नाही. कार्डाचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक सांगावा लागतो, नाहीतर साधन फक्त कार्डाची आभासी डिस्क दाखवतं आणि माणूस "स्मार्ट ठीक आहे" असं लिहून टाकतो. साटा डिस्कवर ५, १९७ आणि १९८ हे गुणधर्म बघा: बदललेले सेक्टर, अडलेले सेक्टर आणि न वाचता आलेले सेक्टर. १९९ वाढत असेल तर चूक वाटेत होते आहे. डिस्क बदलण्याआधी केबल आणि बॅकप्लेन बघा. एकूण "पास" या शब्दावर विसंबू नका, अडलेले सेक्टर असतानाही तो दिसतो.

एसएसडीचे चालू तासही नोंदवा. एचपीईने २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या काही सॅस एसएसडी फर्मवेअरमधल्या दोषामुळे ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास पूर्ण झाले की बंद पडतात आणि डेटा परत मिळत नाही. एकाच दिवशी चालू केलेल्या सगळ्या डिस्क जवळजवळ एकाच वेळी तो आकडा गाठतात, तिथे रेड काय करणार? फर्मवेअर अपडेट निदानाच्या मध्ये नको, पण ठरलेल्या दिवशी डिस्कचं फर्मवेअरही तपासायला हवं ते यासाठी.

सर्व्हर पडलेला नाही पण अचानक मंद झाला असेल, तर रेड कार्डाची बॅटरी बघा. ती कमजोर झाली की कार्ड राइट-बॅक (लेखन आधी कार्डाच्या मेमरीत घेण्याची पद्धत) सोडून राइट-थ्रू पद्धतीवर येतं आणि प्रत्येक लेखन डिस्कपर्यंत पोचायची वाट पाहतं. एका पतसंस्थेत याच लक्षणावर "सॉफ्टवेअर जुनं झालंय" म्हणून महिनाभर वाद चालला होता, आणि दोष निघाला एका बॅटरीत.

## टप्पा ८: नेटवर्क, थोडक्यात

केबल बदला, मग स्विचचं पोर्ट, मग सर्व्हरचं पोर्ट, या क्रमाने आणि एका वेळी एकच. लिनक्सवर ईथटूल या साधनात सीआरसी एरर (वाटेत बिघडून पोचलेला डेटा) वाढताना दिसल्या तर बहुधा केबल किंवा मॉड्यूल. वेग १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसत असेल तर आठांपैकी एखादी तार तुटलेली असते.

## टप्पा ९: दुरुस्ती झाली हे सिद्ध करा

सर्व्हर उठला म्हणजे दोष गेला असं नाही.

१. कंपनीचं अंगभूत निदान चालवा. डेल आणि एचपीईवर सुरू होताना एफ१० दाबून ते मिळतं. छोटी चाचणी पुरेशी नाही, पूर्ण लावा.
२. स्ट्रेस-एनजी या साधनाने रात्रभर प्रोसेसर आणि रॅमवर भार टाका आणि बीएमसीत तापमानाचा आलेख बघा. डिस्कवर एफआयओ (वाचन-लेखनाची चाचणी घेणारं साधन) चालवणार असाल तर फक्त वाचनाची चाचणी, किंवा वेगळ्या फाइलवर. थेट डिस्कच्या नावावर लेखनाची चाचणी लावली तर ती डेटावरून नांगर फिरवते.
३. कार्यालय बंद असताना, बॅकअप झाल्यावर, एका पॉवर सप्लायची कॉर्ड काढा. सर्व्हर चालू राहिला पाहिजे. परत लावा, मग दुसरी काढा.

कंपनीकडे कॉल टाकायचा असेल तर वर्णनासोबत लॉगचा गठ्ठाही पाठवा: आयड्रॅकमधून सपोर्टअसिस्ट कलेक्शन, आयएलओमधून अॅक्टिव्ह हेल्थ सिस्टिम लॉग. "रॅम तिसऱ्या स्लॉटमधून सातव्यात हलवली, चूक तिच्यामागे गेली" असं एक वाक्य लिहिलं की "काढून परत लावून बघा" या उत्तरात जाणारा दिवस वाचतो.

शेवटी बीएमसीचं घड्याळ वेळेच्या सर्व्हरशी जोडा, जुना लॉग जपून मग पुसा, काही मशीनवर तो भरला की नव्या नोंदी घेणंच थांबतं. बदललेल्या पार्टवर आजची तारीख लिहिलेला स्टिकर लावा आणि वहीत जुन्या-नव्या सिरियल नंबरची ओळ घाला. आठ दिवसांनी लॉग पुन्हा उघडून बघायचं त्याच ओळीपुढे लिहा, आणि त्या दिवशी खरंच उघडा.